भर दुपारची किलबिल

बेयान,

चौकात तुझा बॅनर लागला आहे. पानठेल्याच्या डोक्यावर, दोन बांबूंना बांधलेला. फोटो नातीच्या वाढदिवसाचा घेतला त्यांनी, म्हणून तू हसते आहेस आणि तुझ्या गालाला केक लागलेला आहे. केक पुसायचं कोणाला सुचलं नाही, पण डोक्यामागे ढग टाकायचं सुचलं. ढगांत दोन कबुतरं. आणि खाली, लग्नपत्रिकेवर असतात तसल्या वळणदार अक्षरांत: 'पाखरांची किलबिल ऐकत ऐकत अनंताच्या प्रवासाला'.

मला मळमळलं. उगाच लिहायचं म्हणून लिहीत नाही. चौकातून घरी येईपर्यंत तोंडाला पाणी सुटत राहिलं, ओकारीच्या आधी सुटतं तसलं. पिकल्या फणसाचा वास आला की नाकाला पदर लावून गल्लीभर 'छी छी' करत फिरणारी बाई तू, आणि तुला या गुळचट पाकात बुडवून चौकात टांगलं. गुलाबजाम केला तुझा, बेयान. वर माशाही बसतात.

तू माझ्या शिखाची आई, आणि शिखा माझी सून. आमच्या झाडीपट्टीत विहिणीला इहीन म्हणतात, तुमच्या बंगालीत बेयान. सुरुवातीला मी तुला इहीनबाई म्हणायची आणि तू मला बेयान. मग मीच फितूर झाले. कारण 'इहीन' म्हणताना दात दिसतात, आणि माझे पुढचे तेव्हा पडलेले होते.

आता ही किलबिल कुठून आली ते तुला ठाऊक असायला हवं, पण तू नेमकी तेव्हा मरत होतीस. म्हणून सांगते. शिखा मला कवळी बसवायला साकोलीला घेऊन गेली होती. मुलगा कामावर. घरात तू आणि आपली नात तुली. तू गेलीस त्या घडीला मी दाताच्या डॉक्टरपुढे तोंडाचा आ करून बसले होते. तशी मी आयुष्यभर तुझ्यापुढेही तशीच बसले म्हणा. तू तिची दिदा, मी आजी. तुली सांगते, दिदा डोळे मिटून पडली होती, एकदम म्हणाली, 'किलबिल... किलबिल कोरतासे.' पोट्टीला 'कोरतासे', म्हणजे 'करतंय', कळलं नाही, किलबिल कळलं. नववीत आहे, मराठी शाळेत शिकते. ती उठली आणि तिनं खिडकी उघडली, दिदाला पाखरं नीट ऐकू यावीत म्हणून. आम्ही आलो तेव्हा खिडकी सताड उघडी, उन्हाची झळ आत येत होती, आणि तू गेलेली होतीस.

भर दुपार, तीही वैशाखातली! या दिवसांत दुपारी कोणतं पाखरू किलबिलतं गं? आमच्या अंगणातले सातभाईसुद्धा तेव्हा चोची उघड्या टाकून सावलीत पडलेले असतात. पण हे कोणी विचारलं नाही. तुलीनं सांगितलं, बायकांनी डोळे पुसले, आणि प्रत्येक मयतीत 'फक्त दोन शब्द' बोलतो म्हणून उभे राहणारे आपले निवृत्त मुख्याध्यापक, त्यांनी ते तिच्या तोंडातून उचललं ते थेट बॅनरवर नेऊन ठेवलं.

किलबिल तुझ्या भाषेत पाखरांची नसते. किड्यांची असते. सडक्या आंब्यात पांढरे किडे एकमेकांच्या अंगावरून सरकतात, वरचे खाली, खालचे वर, ती किलबिल. हे या घरात तिघींना माहीत होतं. त्यातली एक मेली. उरल्या दोघी तोंड शिवून बसल्या आहेत, आणि चौथी, जिला माहीत नाही, तिला तुझ्या श्राद्धाच्या दिवशी सगळ्यांसमोर उभं राहून पाखरांबद्दल बोलायचं आहे.

*

आपली पहिली भेटच एका आवाजानं नासवली होती. जिल्हा नुकताच फुटला होता. तुमची निर्वासितांची वस्ती अर्जुनीच्या बाजूची, ती गोंदियात गेली. आमचं सानगडी भंडाऱ्यातच राहिलं. तू म्हणाली होतीस, 'आमच्या नशिबात फुटणंच हाये. बापाच्या वक्ताले देश फुटला, पोरीच्या लग्नाले जिल्हा.' पोरांनी कॉलेजात असतानाच सगळं ठरवून टाकलं होतं, त्यामुळे आम्ही मुलगी पाहायला नव्हे, नुसता चहा प्यायला आलो होतो. आणि आमच्या ह्यांनी चहा प्यायला. बशीत ओतला, बशी ओठांना लावली आणि भुरका मारला. भुरका कसला, विहिरीवरची मोटार सुरू झाली असं वाटलं मला.

पडद्यामागून तुझा आवाज आला. 'इश्श्!'

यांची छाती अशी फुगली की सदऱ्याची बटणं ताणली. परतीच्या एसटीत मला म्हणतात, 'काय लाजतात वं तुझ्या इहीनबाई! या वयात!' आणि मी, शहाणी, फणकाऱ्यानं खिडकीबाहेर पाहत बसले. पुढे दर वेळी तुमच्याकडे गेलो की हे मुद्दाम मोठा भुरका मारायचे आणि पडद्याकडे तिरपं पाहायचे. तूही दर वेळी इमानानं 'इश्श्' करायचीस. अशी कित्येक वर्षं आपल्या दोन घरांत प्रेमाचा कारभार चालला, बेयान, आणि तो सगळा किळसेवर चालला होता.

हे मला कळलं ते आमचे हे वारल्यानंतर. तूही एकटी पडली होतीस. जावयाच्या घरी राहायला तयार नव्हतीस, शिखानं रडून रडून आणली तुला. अंगणासमोरच्या सपरीत बसून आपण चिंचा फोडत होतो. कोणीतरी शेणात पाय दिला, तू म्हणालीस 'इश्श्!', आणि मी म्हटलं, 'शेणाले काय लाजते वं?' तू माझ्याकडे पाहिलंस. मी तुझ्याकडे. मग तू सांगितलंस की तुमच्यात इश्श् लाजण्याचं नसतंच. घाण दिसली, लागलं, वाया गेलं, की तुमच्या तोंडातून निघतं ते.

'मग आमच्या ह्यांचा चहा?'

'ओमा! शुडूत शुडूत शुडूत! मले वाटे, बशी पण गिळते का काय हा माणूस!'

चिंचेचा हात तोंडावर दाबून मी हसले. भिंतीवरच्या फोटोत हे तसेच छाती फुगवून बसलेले. त्यांना अजून कोणी सांगितलेलं नाही. आता तू तिकडे गेलीच आहेस, तर जमलं तर सांग. नाही तर राहू दे.

*

मी तुला माझ्या तरुणपणातली एक बाई कधी नीट दाखवली नाही. लाज वाटायची. घट्ट वेणी, पदर पिनेनं टाचलेला, हातात लाकडी रूळ. तिसरीला ध्वनिदर्शक शब्द शिकवायची. 'पाखरांची?' 'किलबिल!' 'पानांची?' 'सळसळ!' 'डासांची?' 'भुणभुण!' त्या बाईची अशी ठाम समजूत होती की ब्रह्मदेवानं एकदा बसून सगळ्या आवाजांची वाटणी केली, आणि ती मराठीत केली. एका पोट्ट्यानं मागच्या बाकावरून विचारलं, 'बाई, पादण्याची काय?' तिनं त्याला तास संपेपर्यंत कोंबडा करून ठेवलं. ती बाई आज भेटली ना, तर मीच तिला कोंबडा करीन, आणि त्या पोट्ट्याला जवळ बसवून म्हणीन, बस बाबू, लई प्रकार आहेत, एकेक करून सांगते.

तीच बाई निवृत्त झाली आणि तिनं घरच्या पुढच्या खोलीत बालवाडी काढली. दारावर पाटी रंगवून घेतली. नाव ठेवलं 'किलबिल'. किती आनंद झाला होता तिला! जणू हा शब्द कोणाला सुचलाच नव्हता. तू आमच्याकडे राहायला आलीस त्या दिवशी पिशवी हातातच होती तुझ्या, आणि तू दारात उभी राहून एकेक अक्षर जुळवत होतीस.

'ओमा! बेयान, पोरांच्या शाळेले हे काय नाव ठेवलं?'

'काहून? चांगलं तं आहे. पाखरावानी पोरं.'

'पाखरू कुठं हाये यात? हे तं किडे! आंब्यात असते ते!'

'तुमच्याकडे असतील किडे. आमच्याकडे किलबिल पाखरांचीच.'

'मग तुमचे किडे काय करते?'

'वळवळ.'

'बॉळबॉळ.' तू म्हणून पाहिलंस. तुझ्या तोंडात 'व' नव्हताच कधी. 'बॉळबॉळ म्हटलं तं भात उकळून राहिला असं वाटते. किडा कुठं दिसते? हे पाहा.' आणि तू माझं मनगट धरलंस, दुसऱ्या हाताची पाचही बोटं माझ्या दंडाकडे चालवत नेलीस. 'किल-बिल, किल-बिल, किल-बिल.'

मी हात ओढून घेतला. अंगावर सर्रकन काटा आला होता. तू जिंकलीस, पण मी मान्य केलं नाही. मी पुस्तक काढलं, व्याकरणाचं. आपल्या भांडणात मी दर वेळी पुस्तक काढायची आणि तू दर वेळी माझ्या हातावर बोटं फिरवायचीस.

हे भांडण कधी मिटलं नाही. तुझं म्हणणं, आवाज ऐकायचा नसतो, पाहायचा असतो. तुमच्या भाषेत म्हणे कितीतरी शब्द असे आहेत जे कोणत्याच आवाजाचे नाहीत, नुसते दिसण्याचे, लागण्याचे, अंगाला वाटण्याचे, तरी ते आवाजासारखे वाजतात. मी म्हणायची, आमच्यात आवाज म्हणजे आवाज. हे अगदी खोटं होतं. आमच्यात लखलख आहे, चमचम आहे, चुरचुर आहे, आणि त्यातलं काहीही कानाला ऐकू येत नाही. पण हरायचं कसं? तू म्हणालीस, 'उद्या सकाळी पोरं आत सोड, दारात उभी राह्य, कानात बोटं घाल अन् पाहा. मग सांग, पाखरं का किडे.'

मी तसं केलं होतं, बेयान. तुला सांगितलं नाही. तू तेव्हा अंघोळीला गेली होतीस. कानात बोटं घालून मी दारात उभी राहिले. चटईवर पोरं. एकाच्या पाठीवर दुसरं, दुसऱ्याच्या पायाखालून तिसरं, नाकं वाहताहेत, कोपरं, गुडघे, ढुंगणं, वरचं खाली, खालचं वर. तंतोतंत. मला अशी किळस आली, आणि त्या किळसेत असं भरून आलं, की मी पोरांना वेळेआधीच घरी सोडून दिलं. तुला म्हटलं, डोकं दुखते. हे एक सांगायचं राहिलं.

*

त्यानंतर तो खेळ सुरू झाला. सपरीत दोन म्हाताऱ्या, मधात पंच म्हणून तुली. किलबिल तेवढी खेळात घ्यायची नाही असं ठरलं होतं, नाही तर पोट्टीसमोर भांडणच झालं असतं. वस्तू एक, शब्द दोघींचा, आणि जिच्या शब्दानं समोरचीचं तोंड जास्त वाकडं होईल ती जिंकली. दुसऱ्या बायका सांजच्याला भजन म्हणत होत्या आणि आपण हे करत होतो. भेंडीची भाजी: मी म्हटलं बुळबुळीत, तू म्हणालीस 'हॉडहॉडे', आणि आपला कुत्रा उठून निघून गेला. त्याला वाटलं त्यालाच हाकलून राहिली. पावसाळ्यात भरलेल्या बोडीच्या पाण्याकाठचा चिखल: मी गिचगिच, तू 'पॅचपॅचे'. तिथे तू जिंकलीस, कारण तुझ्या शब्दातून पाय बाहेर निघाल्याचं ऐकू येतं. गार झालेलं पिठलं: तुझं 'थॉकथॉके', आणि पुढे महिनाभर कोणी पिठलं खाल्लं नाही.

आणि एकदा मत मागायला आलेला एक माणूस. हात जोडून, मान वाकडी करून, माते, माउली करत गेला. तो फाटकाबाहेर पडायच्या आत मी म्हटलं, 'गुळगुळीत.' तू म्हणालीस, 'तेलतेले.' तुली म्हणाली, बरोबरी.

तेव्हा आपण दोघी एकच गोष्ट बोललो होतो, म्हणून आज बॅनर पाहून मला जास्त संताप येतो. ती ओळ तेलतेले आहे, बेयान. बोट लावलं तर घसरतं.

*

मग तुझी साखर पायात उतरली. आधी नुसते पाय बधिर व्हायचे. मी म्हणायची, मुंग्या आल्या. तू म्हणायचीस, झिंझिं धरले, रातकिडे. त्यावरही तू हसलीस, 'पाय माझा, पण तुमच्यात मुंग्या चढते अन् आमच्यात रातकिडे धरते. किडे सगळीकडे हाये बेयान, फक्त जात वेगळी.' मग ठणका सुरू झाला. दवाखान्यात नवीन डॉक्टर होता, पोरगेलासा, मोबाइलवरून मान वर न करणारा.

'कसं आहे आजी?'

'टॉनटॉन कोरतासे.'

'ठणठणीत? अरे व्वा!'

तू माझ्याकडे जे पाहिलंस ना, ते मला अजून दिसतं. मी म्हटलं, 'डॉक्टरसाहेब, ठणठणीत नाही, ठणका लागला आहे तिले.' आणि म्हणता म्हणताच माझ्या लक्षात आलं की आमच्याच भाषेत ठणका म्हणजे दुखणं आणि ठणठणीत म्हणजे धडधाकट. एकच ठण, पण दोन तोंडांनी बोलतो. तुमच्या बंगालीला मी काय नावं ठेवणार? त्या दिवसापासून मी तुझी दुभाषी झाले. डॉक्टरला तुझं दुखणं मी सांगायची. दपदप म्हणजे असं, चिनचिन म्हणजे तसं. या कामात मला पुस्तक लागलं नाही.

मग पायाला जखम झाली, आणि ती चिघळल्यावर तुझे लोक यायचे आणि उंबऱ्यापर्यंतच यायचे. नाकाला रुमाल, डोळ्यांत दया. 'कसं होईल हो', 'देव पाहतो'. तेच सगळे आज बॅनरवर शोकाकुल म्हणून उभे आहेत, एकेक गोल फोटोत. मीही काही संत नव्हते. पट्टी सोडली की तो वास घशात चिकटायचा, दिवसभर जेवण जायचं नाही. एकदा तू सरळ विचारलंस, 'बेयान, घिन येते का?'

'येते.'

'मले पण,' तू म्हणालीस. 'माझाच पाय हाये, तरी गा, अंग, घिनघिन करते.'

आणि दोघींनी तोंडं वाकडी करून ती पट्टी बदलली, तू तुझ्या भाषेत छी छी करत, मी माझ्या भाषेत शी शी करत. त्या खोलीतलं सगळं घाण होतं, बेयान, एक तेवढं सोडून. माझ्याशी असं खरं कोणी बोललेलं नाही. नवरा नाही, मुलगा नाही. याबद्दल तुला कधी काही म्हणावं असं सुचलं नाही. म्हणजे सुचलं, पण त्याला आमच्यात गुळगुळीत शब्दच आहेत.

म्हणून मला ठाऊक आहे की शेवटी तुझ्या पायांवर काय चाललं होतं. पाखरं नव्हती.

*

तू गेल्यावर स्वयंपाकघरात शिखा भाजी चिरत होती, माझ्याकडे पाठ करून.

'आई, तुलीले नका सांगू.'

'मी कुठं सांगून राहिली?'

'तुम्ही नाही. तुमचं तोंड सांगते. कोणी पाखरं म्हटलं का तुमचं तोंड असं होते.'

'अन् तुले काही नाही होत?'

तिची सुरी थांबली. 'आई, तिनं खिडकी उघडली होती. तिले समजलं का माय किड्यांनी हैराण झाली होती अन् आपण तिले पाखरं दाखवून राहिलो होतो, तं पोट्टी...' कांदा नव्हता चिरत, वांगं चिरत होती, तरी डोळे पुसले.

मी गप्प बसले. पण गप्प बसणं मला मानवत नाही. रोज कोणीतरी यायचं, 'किती भाग्यवान, पाखरं ऐकत गेली', आणि मला वाटायचं की कोणी तरी माझ्या जिभेवर पिठलं थापून ठेवलं आहे. तुझ्याकडे पाहिलं तर खरं सांगायला हवं. पोट्टीकडे पाहिलं तर गिळायला हवं. गिळलं. रोज गिळलं.

इथपर्यंत काल लिहिलं होतं. आज तुझं श्राद्ध. सकाळी शिखा आत खीर ढवळत होती. तुली सपरीत उभी राहून म्हणत होती, 'माझी दिदा पाखरांची...' आणि थांबत होती. पुन्हा, 'माझी दिदा...' पुन्हा थांबली.

'आजी.'

'काय वं?'

'खिडकीत एकही पाखरू नव्हतं.'

'मग तू पाखरं काहून म्हणते?'

'मी नाही म्हटलं! मी फक्त सांगितलं का दिदा किलबिल म्हणाली. पाखरं तं सरांनी टाकली.'

'मग तू का नाही बोलली?'

'सगळे रडले ना. मले चांगलं वाटलं.' मग पायाच्या अंगठ्यानं फरशी खरवडत म्हणाली, 'दिदाच्या भाषेत किलबिल म्हणजे दुसरं काही असते का?'

आत पळी थांबली. मला कळलं, शिखा ऐकते आहे. जिभेवर एक शब्द तयार होता, तेल लावून. नवी कवळी आहे, काहीही बोलता येतं आता. पण मी पोट्टीचं मनगट धरलं आणि माझी पाच बोटं तिच्या दंडाकडे चालवत नेली.

'ईईईऽ!' तिनं हात झटकला. 'किडे?'

'किडे.'

'दिदाच्या अंगावर?'

'खरे नव्हते. तिले वाटून राहिले होते. साखरेनं पायाच्या नसा बिघडल्या का वाटते तसं.'

झटकलेला हात तिनं तसाच छातीशी धरला. 'अन् मी खिडकी उघडली.'

हेच. शिखाला याचीच भीती होती. मलाही. शिखा पळी हातात घेऊन दारात येऊन उभी राहिली होती आणि माझ्याकडे अशी पाहत होती की, खीर सोडून ती पळी माझ्या डोक्यात घालील असं वाटलं.

'खिडकी उघडली, मग काय केलं?' मी विचारलं. दुसरं काही विचारायला सुचलं नाही.

'मग काही नाही. ती पाय झाडून राहिली होती. मी पायापाशी बसली. तिचे पाय मांडीवर घेतले.'

'अन्?'

'ती हातानं असं असं करत होती घोट्याजवळ, पण हात पुरत नव्हता तिचा. तं मीच केलं तसं. झटकलं. पट्टी सोडून, वरून खाली. बोटांच्या मधात पण. मले वाटलं घाम आहे.'

'किती वेळ?'

'तुम्ही दोघी फाटकाशी येईपर्यंत. मग दार उघडायला उठली.'

शिखा खाली बसली, दारातच, पळी मांडीवर. खीर लुगड्याला लागली तरी तिला कळलं नाही. तुली विचार करत होती. कपाळाला आठी घालून, हिशेब चुकला की तू घालायचीस तशी.

'म्हणजे मी किडे काढून राहिली होती?'

'हो.'

'सगळे निघाले?'

बेयान, इथे मला तू हवी होतीस. मला कुठून माहीत असणार? मी साकोलीत तोंड उघडून बसले होते. मी म्हटलं, 'तिनं पाय ओढून घेतला का?'

'नाही. पसरला.'

'मग निघाले.'

तिनं मान हलवली. शिखाजवळ खाली बसली, डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि ती ते पुसत नव्हती. मग म्हणाली, 'मी ते पाखरांचं नाही बोलणार.' तिनं दोन्ही तळहात समोर धरले, उलटे करून पाहिले, पुन्हा सुलटे केले. तिचं तोंड हळूहळू वाकडं होत गेलं. आणि ती उठली, न्हाणीत गेली, आणि साबणानं हात धुऊ लागली. मनगटापर्यंत, मग कोपरापर्यंत, मग पुन्हा साबण.

अजून धुते आहे. तुझीच नात.